माझा डोळा लागला की उत्तर नापास

अभ्यासिकेत पोरं काय काय विसरून जातात ते पाहायचं असेल, तर खिडकीतला पत्र्याचा डबा उघडून पाहा. पेनांची टोपणं, चार्जर, एका कानातलं डूल. पासपोर्ट साइज फोटोंची तर गड्डीच आहे. आज ना उद्या कोणी तरी येतो आणि आपली वस्तू घेऊन जातो. किस्से मात्र कोणी परत न्यायला येत नाही. ज्याचा किस्सा असतो तोच म्हणतो, "आबाजी, राहू द्या तुमच्यापाशीच." असे राहता राहता माझ्यापाशी बरेच जमले.

मी मोहाडीचा कोष्टी. चाळीस वर्षं माग चालवला. शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षरं या पोरांनीच म्हातारपणी शिकवली, त्यामुळं एक पान लिहायला मला एक सकाळ लागते. लागू द्या. माग बंद झाला, मागाची खोली रिकामी पडली, तेव्हा पोरांनी तिथं टेबलं-खुर्च्या टाकून अभ्यासिका केली. किल्ली माझ्याकडं आणि पिण्याच्या पाण्याचा माठही माझ्याकडं. साहेबाची खुर्ची माझ्याकडं कशी आली, तिथूनच सुरू करतो.

*

आमची पोरं लेखी परीक्षेत मागं नाहीत. गाडी अडते ती इंटरव्ह्यूला. म्हणून संदीपनं एक वही केली. संदीप हा अभ्यासिकेतला सगळ्यात जुना. मोबाइलवर पाहून पाहून त्यानं इंटरव्ह्यूत हमखास विचारतात ते प्रश्न उतरवले, 'तुमच्याबद्दल सांगा', 'तुमची कमजोरी काय', 'आम्ही तुम्हालाच का घ्यावं', आणि प्रत्येक प्रश्नाखाली लाल शाईनं उत्तर. वरच्या कोपऱ्यात चौकट करून लिहिलं, 'कोणतंही उत्तर दोन मिनिटांच्या वर नको.' ती वही सगळ्यांनी आपापल्या वहीत उतरवून पाठ केली.

पाठ केलं, पण म्हणून दाखवायचं कोणाला? आपसात साहेब झाले की हसू फुटायचं. एक दिवस संदीप मला म्हणाला, "आबाजी, तुमी बसा. काही बोलू नका, निस्तं साहेबावानी पाहा."

मी बसलो. समोरची खुर्ची मागाच्या जुन्या खड्ड्यावर. माग चालवणारा ज्या खड्ड्यात पाय सोडून बसतो तोच तो खड्डा, आता वर फळी टाकून बुजवलेला. पहिला आला विलास. स्वभावानं गरीब, उंचीनं लांब. बसला आणि सुरू झाला. "नमस्कार सर, माझं नाव विलास, मी एक होतकरू, मेहनती आणि जबाबदार…" एका सुरात, न अडता, न थांबता.

आता माझी एक खोड आहे. चाळीस वर्षं मागाच्या आवाजात गेली. लय सारखी चालली की माझा डोळा लागतो. धागा तुटला, लय मोडली, की लगेच जाग येते. कोणत्याही कोष्ट्याला विचारा. विलासचा धागा काही तुटला नाही.

डोळे उघडले तेव्हा सगळी पोरं माझ्याभोवती उभी. मी विचारलं, "झाला का गा हा सिलेक्ट?"

सगळे हसले, संदीप हसला नाही. त्यानं वही काढली आणि शेवटच्या पानावर नियम लिहिला. आबाजी झोपले तर उत्तर नापास. तिथंच थांबायचं, उठायचं, आबाजींसमोर ग्लासभर पाणी ठेवायचं, 'चुकलं' म्हणायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, वेगळ्या शब्दांत. आणि आबाजींनी 'मग?' म्हटलं तर पास.

तेव्हापासून हेच चालू आहे. मी मुद्दाम काही करत नाही. उलट पोरांची दया येते म्हणून मांडीला चिमटे काढून जागं राहून पाहिलं. मांडी दुखते, झोप येतेच.

*

करडी गावावरून येणारी रोशनी सगळ्यात हुशार. गणित तिला विचारायचं, इंग्रजी तिला विचारायचं, बसचं टाइमटेबलही तिलाच विचारायचं. एरवी तिचं तोंड कोणी बंद करू शकत नाही. पण त्या फळीवरच्या खुर्चीत बसली की रोशनी गप्प होते आणि वही बोलायला लागते. शब्द न् शब्द, कॉमा न् कॉमा. तिच्या एका बैठकीत मी पाच ग्लास पाणी प्यालो आहे. माझ्या तोंडून 'मग?' तिला एकदाही मिळालं नव्हतं.

पुण्याकडच्या जागांची बोलावणी तिला दोनदा आली. ती गेली नाही. घरी आई एकटी, आणि आईला आता फार कमी दिसतं. अंगणात उतरायचं तर रोशनीचा खांदा लागतो. म्हणून रोशनीला नोकरी पाहिजे ती भंडाऱ्यातलीच, सकाळच्या बसनं जायचं आणि दिवेलागणीला घरी. अशी जागा वर्षात एखादी निघते. दोन इंटरव्ह्यू झाले. दोन्हीकडं साहेब म्हणाले, कळवतो. त्यांनी कळवलं नाही आणि हिनं विचारलं नाही.

तिसऱ्याचं शेवटी सांगतो.

*

वहीत कमजोरीचं उत्तर असं होतं: 'मी कामात इतका बुडून जातो की जेवायचंसुद्धा विसरतो, हीच माझी कमजोरी.' संदीप म्हणे, कमजोरी अशी सांगायची की साहेबाला ती आवडली पाहिजे.

एकदा नागपूरच्या एका कंपनीत एकाच दिवशी आमचे तिघं गेले. आधी संदीप. साहेबानं कमजोरी विचारली, त्यानं सांगितली, साहेब खूश. मग विलास गेला. त्याचीही तीच कमजोरी. साहेबानं मान वर करून पाहिलं. तिसरा आमचा पंकज. पंकज म्हणजे कोणत्याही लग्नात पहिल्या पंगतीला बसतो आणि दुसरीला वाढायच्या नावाखाली पुन्हा बसतो. अंगानं तसाच. तो खुर्चीत बसला तेव्हा खुर्ची बोलली म्हणतात.

त्यानं सांगितलं, "सर, मी जेवायचं विसरतो."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "मोहाडीत कोणीच जेवत नाही का हो?"

पंकजला खोटं बोलता येत नाही. म्हणाला, "जेवते सर. पण लिहिलेलं उत्तर असंच आहे."

*

छंदाचंही तसंच. वहीत छंद एकच, वाचन. विलासला एका ठिकाणी पुढचा प्रश्न आला, सध्या काय वाचलं? हा प्रश्न संदीपच्या वहीत नव्हता. विलास घामाघूम झाला आणि जे खरं ते बोलून गेला, "वही."

"कोणती वही?"

विलासनं पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. साहेबानं पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग चष्मा लावला. बाजूच्या मॅडमना दाखवली. दोघं मिळून वाचत बसले. विलासला वाटलं आता पोलीस बोलावतात.

वही मिटून साहेब म्हणाले, "याची झेरॉक्स मिळेल का? आमच्याकडं प्रश्न असे तयार नसतात."

विलास झेरॉक्स काढून देऊन आला. नोकरी मिळाली नाही. संदीपचा मात्र त्या दिवसापासून भाव वाढला.

*

साहेबाच्या खुर्चीत बसून बसून मलाही प्रश्न पाठ झाले. पोरांनी मला विचारायची परवानगी दिली. एक प्रश्न मात्र मला कधी समजला नाही, 'पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठं पाहता?' स्वतःला माणूस आरशात पाहतो, तिथं पाच वर्षं कायले थांबायचं? मी आपला माझ्या परीनं विचारला. विलासला म्हणालो, "काय गा, पाच वर्षांनी कोठं राहशीन?"

विलासनं वहीतलं उत्तर सुरू केलं, "सर, पाच वर्षांनंतर मी एका मोठ्या जबाबदारीच्या…" आणि अडला. खोलीभर पाहिलं. खिडकी पाहिली, माठ पाहिला, मला पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आबाजी, खरं सांगू का? पाच वर्षांआधी संदीपनं मले हाच प्रश्न इचारला होता. याच खोलीत."

मी म्हणालो, "मग?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. विलास पास झाला. अभ्यासिकेतला पहिला 'मग?' त्याचा.

*

'आम्ही तुम्हालाच का घ्यावं?' या प्रश्नावर पंकजचा संदीपशी नेहमी वाद. पंकज म्हणे, इतकं मोठं उत्तर कशाला, माझ्या आईला विचारा. त्याची आई मोहाडीच्या आठवडी बाजारात भाजी विकते. बाजाराच्या दिवशी तो आईच्या बाजूला बसला आणि कान देऊन ऐकत राहिला. एक बाई आली, दोडके उलटेपालटे केले, म्हणाली, तुमच्याचकडून काहून घेऊ, पुढं स्वस्त आहेत. आई शांतपणं म्हणाली, "नका घेऊ बाई. पुढंच पाहा." बाई दहा पावलं गेली आणि परत आली. दोडके घेऊन गेली. पंकजनं हे दिवसभरात तीनदा पाहिलं. घरी जाऊन त्यानं वहीतलं लाल उत्तर खोडलं.

तुमसरला एका दुकानदाराकडं हिशेबनिसाची जागा होती. शेठनं विचारलं, तुम्हालाच का घ्यावं? पंकज उठून उभा राहिला. म्हणाला, "नका घेऊ शेठ. दुसरा पाहा." नमस्कार केला, दहा पावलं मोजली आणि दरवाजाबाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

शेठनं हाक मारली नाही. दुसरा उमेदवार गेला, तिसरा गेला. पंकज बसून. जेवायची सुट्टी झाली. त्या दिवशी मात्र तो खरंच जेवायचं विसरला. शेवटी दुकानातला माणूस शटर ओढायला आला, तेव्हा उठला.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "अरे बावा, गिऱ्हाइकाच्या हाती दोडका असला तरच तसं म्हणायचं असते."

*

आता रोशनीचं.

भंडाऱ्याला एका धान-तांदळाच्या कंपनीचं ऑफिस. शेतकऱ्यांकडून धान घ्यायच्या कामावर एक जागा निघाली. रोशनीचं नाव यादीत लागलं. इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी ती दुपारी आली, कोणाशी बोलली नाही, सरळ फळीवर खुर्ची ओढून बसली. मला म्हणाली, आबाजी, बसा.

मी बसलो. तिनं 'तुमच्याबद्दल सांगा' सुरू केलं. मी जीभ चावून धरली होती, खोटं नाही सांगत. होतकरूपर्यंत आठवतं. जबाबदार आलं की नाही, ते सांगता येत नाही.

डोळे उघडले तर समोर पाण्याचा ग्लास, आणि रोशनीचे डोळे भरलेले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ग्लास जरा जोरातच ठेवला.

"आबाजी, तुमी मुद्दाम झोपता."

मी म्हणालो, "नाही माय. तुया बोलण्यात धागाच तुटत नाही, मी काय करू?"

संदीप म्हणाला, उद्या एवढं पाठ आहे ते निदान नीट म्हण, आबाजींचं काय घेऊन बसली. पंकजनं तिला आपल्या डब्यातली करंजी देऊ केली. पंकजनं काही देऊ करणं ही साधी गोष्ट नाही. तिनं घेतली नाही. बसची वेळ झाली म्हणून निघून गेली. टेबलावर राहिलेला तिचा फोटो आणि पेन मी खिडकीतल्या डब्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपार टळून गेल्यावर ती आली. भंडाऱ्यावरून घरी जायच्या आधी मोहाडीला उतरली. माझ्याजवळ माठाशेजारी बसली, दोन ग्लास पाणी स्वतः प्याली. पोरं टेबलं सोडून जवळ आली. चेहऱ्यावरून काही समजेना. संदीपनं विचारलं, "काय झालं वो?"

तिनं सांगितलं ते असं. नंबर आला जेवणाच्या सुट्टीनंतर. आत तीन साहेब. डावीकडचे कागद पाहून राहिले होते, उजवीकडचे मोबाइल पाहून राहिले होते. मधले सगळ्यात मोठे साहेब, पिकल्या केसांचे, पोटावर हात ठेवून बसलेले. त्यांनीच विचारलं, तुमच्याबद्दल सांगा. हिनं वही सुरू केली. होतकरू, मेहनती, जबाबदार. बोलता बोलता पाहते तर मधल्या साहेबांचे डोळे मिटलेले.

"मले काही सुचलंच नाही आबाजी. मी उठली."

"उठली?" संदीपचा आवाज बसला.

उठली. टेबलाच्या कोपऱ्यावर जग होता आणि ग्लास पालथा होता. तिनं ग्लास सरळ केला, पाणी ओतलं, मधल्या साहेबांसमोर ठेवला. ग्लास टेबलावर वाजला तसे साहेब जागे झाले. ही हात जोडून म्हणाली, "सर, चुकलं माझं. उत्तर बरोबर नव्हतं. पहिल्यापासून सांगते."

पंकजनं डोक्याला हात लावला. वहीतला नियम तिनं भंडाऱ्याला जाऊन पाळला होता, तोही खऱ्या साहेबावर.

रोशनी म्हणाली, डावीकडचे साहेब छताकडं पाहायला लागले. उजवीकडच्यांनी मोबाइल तोंडाशी धरला, हसू लपवायला की काय कोणास ठाऊक. मधल्या साहेबांनी पाण्याकडं पाहिलं, हिच्याकडं पाहिलं, पाणी प्याले. सगळं प्याले. ग्लास ठेवला आणि म्हणाले, "सांगा."

"आता सांगायचं तर वेगळ्या शब्दांत पाहिजे. आणि वेगळे शब्द माझ्यापाशी होते कोठं? मंग आईचं सांगितलं."

आईचं म्हणजे काय? तर आईला दिसत नाही, पण धान वाळलं की नाही हे ती दाण्यावरून सांगते. दाणा दाताखाली धरते. कट्ट वाजला तर वाळला, नुसता दबला तर ओला. गावातले लोक आपलं धान तिच्याकडं आणून चावून घेतात. मागच्या हंगामात रोशनी आणि आई बैलबंडीत धान भरून विकायला घेऊन गेल्या. तिथल्या माणसानं ओलावा पाहायचं मशीन लावलं आणि म्हणाला, ओला आहे, वापस न्या. आई म्हणाली, वाळला आहे. तो म्हणाला, बाई, मशीन खोटं बोलते का? मागं बंड्यांची रांग लागलेली. लोक म्हणायला लागले, बुढीले दिसत नाही, कायले वाद घालते. रोशनी आईला ओढत होती, चाल आई, चाल म्हणत होती.

"आणि आई बंडीवरून खाली उतरली. कोणाचा खांदा नाही घेतला. चाचपत चाचपत त्या माणसापर्यंत गेली, त्याचा हात धरला, त्याच्या तळहातावर दाणा ठेवला आणि म्हणाली, चाव."

इथं रोशनी थांबली.

संदीपनं विचारलं, "थांबली काहून?"

"येथंच थांबली होती ना मी तेथं बी. दोन मिनिटं झाले होते. वहीत लिवलं आहे ना, दोन मिनिटांच्या वर नको."

माझी झोप कुठल्या कुठं गेली होती. मी पुढं सरकून बसलो. म्हणालो, "मग?"

रोशनीनं माझ्याकडं पाहिलं आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली.

"आबाजी," ती म्हणाली, "साहेब बी हेच म्हणाले."